दोरा कोणी धरला होता

१८ जानेवारी

ताई,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा त्याच्यावर तीन पत्ते खोडलेले होते. म्हणजे ते माझ्यापेक्षा जास्त फिरलं आणि तरी मुक्कामाला पोचलं. मला अजून ते जमलेलं नाही.

शीतगृहातलं काम मी सोडलं. दिवसभर स्वेटर घालून बटाट्याची पोती मोजायची आणि बाहेर आलं की घामानं निथळायचं, शरीराला कळेना आपण जिवंत आहोत की साठवणीतले. आता मी मधमाश्यांबरोबर आहे. हसू नकोस. एक मधवाला आहे, त्याच्याकडे पेट्याच पेट्या. जिकडे फुलोरा असेल तिकडे ट्रकमध्ये पेट्या घालून निघायचं. फुलं संपली की पुढं. मला वाटायचं असलं आयुष्य जगात मी एकटाच जगतो, तर इथं लाखो जणी जगताहेत आणि वर मध करताहेत. मी काय करतो असं तू विचारशील. मी पेट्या उचलतो आणि डंख खातो. डाव्या कानाची सध्या भजी झालीय.

तर मुद्दा. अप्पांचा खुबा पार झिजलाय आणि सांधा बदलायचं ठरलंय असं तू लिहिलंस. ते तयार झाले हेच मला खरं वाटेना. शुगरच्या गोळ्यांनाही रविवारची सुट्टी देणारा माणूस तो! दुखत असणार गं खूप. बाईंडिंगचं काम म्हणजे उभं राहूनच. पुठ्ठा कापायला उभं, शिकंजा आवळायला उभं, गिऱ्हाइकाशी वाद घालायला तर उभंच.

ट्रकवाल्याच्या ओळखीच्या माणसाहाती एक मधाची बाटली पाठवतोय, अप्पांना दे. शुगरला मध चालतो असं मधवाला म्हणतो, आणि तो काही उगाच बोलणारा नाही.

ऑपरेशनची तारीख कळव. मी येतो. आधीच्या 'येतो'सारखं नाही, खरंच येतो.

भिंगरी

३१ जानेवारी

भिंगरी,

तुझा मधवाला उगाच बोलणारा नाही, मग तो मध विकणारा तरी आहे ना? शुगरच्या माणसाला मध चालतो म्हणे. मध काय कडुलिंबाच्या पाल्याचा करतात का? बाटली वरच्या फळीवर ठेवलीय. अप्पांनी ती पाहिलीय, आणि शिडी चढता येत नाही म्हणूनच ती अजून भरलेली आहे. मेण पाठवलं असतंस तर निदान दोऱ्याला लागलं असतं.

मी महिनाभराची रजा टाकून इथं आलेय. शाळेनं कुरकुर केली, घरी कोणी केली नाही. तुझे भावोजी पोरीच्या वेण्या घालायला शिकलेत. एक वेणी पूर्वेला, एक पश्चिमेला.

दुकान अजून उघडं आहे. अप्पा स्टुलावर बसून जेवढं होईल तेवढं करतात. कोर्टातल्या जाड पुस्तकांची शिलाई बाकी आहे, ती पुरी केल्याशिवाय मी दवाखान्यात पाय ठेवणार नाही म्हणाले. फर्म्याची घडी घालताना बघत बसावं असे हात आहेत अजून. कडेला कड, अंगठ्याचा एक दाब, पुढचा कागद. सोळा पानांचा एकेक फर्मा असा मिटतो की जणू त्याला स्वतःलाच मिटायचं होतं.

शुगर फार वर होती म्हणून डॉक्टरांनी तारीख पुढं ढकलली. आता दोन मार्च. तोवर मी गोळ्या समोर उभी राहून देते. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक गोळी गालात ठेवून मला फसवलं. मी शाळेत मास्तरीण आहे हे विसरले ते. मी 'आ करा' म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर ओळखीची माणसं जवळ असू द्या, एकाच्यानं होणार नाही. मला बाजूला घेऊन आणखीही काही बोलले, ते तू आलास की सांगेन. अप्पांना मी म्हटलं, भिंगरीला बोलावते. तर म्हणाले, "बोलावू नकोस. बोलावून आलेला माणूस घड्याळाकडे बघत बसतो." म्हणून मी तुला बोलावत नाही. फक्त तारीख कळवतेय.

ताई

२७ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र रस्त्याच्या कडेला, दगडावर बसून लिहितोय. अक्षराला हसू नकोस, दगड सपाट नाही.

मी निघालो होतो. मधवाल्याचा हिशेब मिटवून, झोळी भरून, ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसून निघालो होतो. तो मला मोठ्या रस्त्याला सोडणार आणि तिथून बस. पण मध्येच ट्रकचं चाक निखळलं. पेट्या उतरवाव्या लागल्या, धक्क्यानं दोनतीन उघडल्या, आणि माश्या सुटल्या. सगळं आभाळ गुणगुणायला लागलं. मधवाला म्हणाला, आता हलायचं नाही, त्या फिरून पेटीत आल्याशिवाय काही करता येत नाही. मी विचारलं कधी येतील? म्हणाला, आपण इथं आहोत असं त्यांना वाटलं की येतील.

काय माणूस आहे बघ. घरदार सगळं रस्त्यावर सांडलंय आणि हा बिडी ओढत वाट बघतोय. त्याला असं सोडून कसा जाऊ? एक बस समोरून गेली पण. माझ्या हातात जाळी होती म्हणून हात दाखवला नाही. उद्या नाहीतर परवा दुसरी मिळेल. दोन तारखेला सकाळी पोचतोच. अप्पांना सांग. किंवा नको सांगू, एकदम समोर उभा राहतो.

भिंगरी

४ मार्च

भिंगरी,

झालं एकदाचं. परवा ऑपरेशन झालं, सांधा नीट बसला, डॉक्टर खूश आहेत. दोन तारखेला मी सारखी दाराकडे बघत होते. ते जाऊ दे.

भूल उतरल्यावर अप्पा गप्प गप्प होते. मला धास्ती वाटत होती. पण काल सकाळी मी चहा घेऊन आले तर काय, त्यांचे हात चालू! चादरीची कड धरून घडी घालत होते. कडेला कड, अंगठ्याचा दाब, पुन्हा उलगडायची, पुन्हा घडी. फर्म्याचीच घडी रे. मला रडूच आलं. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी माणूस कामाला लागला. शेजारच्या खाटेजवळ एक बाई असते, तिचा नवरा पाय मोडून पडलाय. ती म्हणाली, "हे काय करताहेत हो?" मी म्हटलं, "काम करताहेत, दुसरं काय!" मग मी पिशवीतले कोरे कागद काढून त्यांच्या हातात दिले. दिवसभर घड्या घालत होते, आज सकाळीही तेच. माझ्याकडे वर मान करून बघत नाहीत, पण दुकानात तरी कुठं बघतात?

तू वाटेत अडकला असशील. आता उगाच जिवाचा आटापिटा करू नकोस. आपल्या चालीनं ये. आमचं बरं चाललंय.

ताई

१३ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि उडीच मारली मी. मधवाल्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, हात चालले की माणूस वाचला. बघ, मी म्हणत होतो ना अप्पा टणक आहेत! आपणच उगाच घाबरतो. खरं सांगू, त्या दिवशी पोचलो नाही म्हणून मी स्वतःला फार शिव्या दिल्या होत्या, झोप नव्हती. आता जरा मोकळं वाटलं. मी नसतानाही सगळं नीट झालं म्हणजे मी नसणं काही इतकं वाईट नसावं.

माश्या आल्या परत, जवळजवळ सगळ्या. आता आम्ही एका सूर्यफुलांच्या शेताजवळ आहोत. इतकं पिवळं मी जन्मात पाहिलं नव्हतं, डोळे मिटले तरी पिवळंच दिसतं. हा फुलोरा उतरला की सुटतो मी. तोवर अप्पाही काठी घेऊन चालायला लागतील, मग त्यांना घेऊन फिरतो. आत्ता येऊन खाटेवरच्या माणसापुढं मी नुसता उभा राहून काय करणार? तुला माहितीय, मला दवाखान्यात बसवत नाही.

अप्पांनी माझं नाव काढलं का गं?

भिंगरी

२४ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र आजच मिळालं. सूर्यफुलं वाचली. आधी हे वाच की अप्पा घरी आहेत आणि जिवंत आहेत, मग पुढचं वाच.

तो कामाला लागलेला माणूस नव्हता. मी तुला पत्र टाकून परत वॉर्डात गेले तेव्हा नवीन सिस्टर आली होती. तिनं कागदाच्या घड्या पाहिल्या आणि विचारलं, "हे कधीपासून करताहेत?" मी अगदी कौतुकानं सांगितलं, कालपासून. तिचा चेहरा उतरला. तिनं अप्पांना विचारलं, तुम्ही कुठं आहात? म्हणाले, दुकानात. ही कोण? माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, भिंगरी. नीट, निरखून पाहिलं. आणि म्हणाले, "ह्या सिस्टरबाई."

शुगर भलतीच चढलेली निघाली. डॉक्टर येईपर्यंत संध्याकाळ झाली, आणि संध्याकाळी अप्पा एकदम बिथरले. हातातली सलाईनची नळी ओढायला लागले. दोरा गुंतलाय म्हणाले. गुंता सोडवल्यासारखी ओढून काढली, सगळी चादर लाल झाली. मग दुकान बंद करायचंय म्हणून खाली उतरायला गेले. तिघांनी धरलं तरी टाके उसवायचे ते उसवलेच. मग त्यांचे हात खाटेला बांधले, मऊ पट्टीनं, पण बांधलेच. जखमेत पू झाला, ताप चढला. डोकं ठिकाणावर यायला आठवडा गेला.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं ते ह्यासाठीच. म्हणाले होते, वय झालंय, शुगर इतकी जुनी, कधी वर कधी खाली. अशा माणसांना ऑपरेशननंतर भ्रम होण्याची भीती इतरांपेक्षा जास्त असते. काही वेगळं वागताना दिसले की लगेच सांगा. मी हो म्हटलं होतं. तुला कळवलं नाही, कारण भ्रम म्हटलं असतं तर तू आणखी लांब पळाला असतास असं मला वाटलं.

वेगळं काही दिसलं की सांगायचं होतं, भिंगरी. मला वेगळं काही दिसलंच नाही. मला तर अप्पाच दिसले. दुसऱ्या कोणाची पोर असती तर ओरडली असती, की हा माणूस चादर का चुरगाळतोय? मी त्यांच्या हातात कागद दिले. सिस्टर काही टोचून बोलली नाही. एवढंच म्हणाली की एक दिवस आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. ते 'बरं झालं असतं' माझ्या कानातून जात नाही.

आता सकाळी ठीक असतात. दुपारनंतर थकले की गडबड होते. घडी अजून सुरेख घालतात, पण फर्मे लावताना क्रम चुकतो. पाचव्यावर दुसरा ठेवतात. मी गपचूप नीट लावते. काही महिन्यांत सुधारेल, सगळं सुधारेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणतात.

माझी रजा संपून वर बिनपगारी झाली. पाच तारखेला मला निघावंच लागेल. तू विचारलंस अप्पांनी नाव काढलं का. काढलं. तू ये. ह्या वेळी मी बोलावतेय.

ताई

१० एप्रिल

ताई,

स्टँडवर धड बोलणं झालं नाही. तू किल्ल्या दिल्यास, गोळ्यांच्या वेळा सांगितल्यास, 'जेवायच्या आधीची ती आधीच' असं दोनदा म्हणालीस आणि बस सुटली. तू इतकी वाळली असशील असं वाटलं नव्हतं. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तोवर खिडकी पुढं गेली.

घरी आलो तर अप्पा दुकानात स्टुलावर होते. मला वाटलं रागावतील, नाहीतर रडतील, किंवा कोण आपण म्हणतील. मी तिन्हींची तयारी करून आलो होतो. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "आलास? खळ ढवळ जरा, गाठी धरतेय." जसा काही मी कोपऱ्यावर काडेपेटी आणायला गेलो होतो.

चार दिवस बरे गेले. मी क्रम लावतो, ते घड्या घालतात. मला टोचणीनं भोकं पाडायला दिलं तर मी दोन फर्मे वाकडे टोचले. म्हणाले, "माश्यांनी बरं ठेवलं तुला?" मला फार बरं वाटलं. टोमणे शाबूत आहेत म्हणजे माणूस शाबूत आहे.

आणि आज सकाळी ते झालं. शाळेचे हेडमास्तर हजेरीपट बांधून घ्यायला आले होते. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "हा माझा मुलगा. लोक ह्याला वाऱ्यावरची वरात म्हणतात, पण माझ्या ऑपरेशनच्या वेळी हा जागचा हलला नाही. माझे हात बांधले होते मास्तर, हा उशाशी बसून दोरा धरून होता. मी म्हणायचो सोडू नकोस, हा म्हणायचा नाही सोडत अप्पा. त्या आधारावर मी परत आलो." मग म्हणाले, "पोरगी शेवटी शेवटी आली. तिचंही बरोबर आहे, तिचा संसार आहे."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी खळीत डाव फिरवत राहिलो. आणि तुला खरं सांगतो, क्षणभर मला छान वाटलं. मग इतकी लाज वाटली की मागच्या अंगणात जाऊन बसलो.

तुला हे माहीत होतं? तू जाताना बोलली नाहीस. तू महिनाभर बसलीस, चादरी धुतल्यास, त्यांचं हगणंमुतणं काढलंस आणि त्यांच्या मनात तिथं मी बसलोय! त्यांना एवढा पक्का भास झाला तरी कसा? हे मी असं राहू देणार नाही. तुझ्या ताटातलं मी खाणार नाही. उद्या सकाळी, त्यांचं डोकं ताजं असेल तेव्हा, सरळ सांगून टाकतो.

भिंगरी

१६ एप्रिल

भिंगरी,

सांगू नकोस.

तुझा 'उद्या' कधीच दुसऱ्या दिवशी उजाडत नाही, त्याच भरवशावर लिहितेय, हे पत्र वेळेत पोचो. शेजारच्या चष्मेवाल्याचा फोन चालू असता तर तिथं केला असता, पण तो कधीचा बंद पडलाय.

तो भास नव्हता. हात बांधले त्या संध्याकाळी ते तुला हाका मारत होते. भिंगरी, दोरा धर. भिंगरी, दोरा सुटतोय. डॉक्टरांना सुई लावायची होती आणि ते हात हलवायचे थांबेनात. मी म्हटलं, अप्पा, मी आहे ना, मी धरते. तर चिडले. म्हणाले, सिस्टरबाई, तुम्हाला नाही जमायचं, माझ्या मुलाला बोलवा. मी म्हटलं, मी तुमची मुलगी. म्हणाले, माझी मुलगी तिच्या घरी असते, कशाला खोटं बोलता?

तेव्हा मी मागच्या बाजूनं उशाशी गेले, त्यांना तोंड दिसणार नाही अशी. आवाज जाड केला. म्हटलं, "आलोय अप्पा. धरलाय दोरा." आणि त्यांचा हात धरला.

निवले रे ते. एकदम निवले. सुई लावू दिली. नंतर जितके दिवस डोकं फिरलेलं होतं तितके दिवस मी हेच केलं. दिवसा सिस्टरबाई आणि हाक आली की तू. शेजारच्या खाटेवरचा माणूस एकदा हसला, तर त्याच्या बायकोनं त्याला असा डोळा वटारला की तो मोडक्या पायानं कुशीवर वळला.

तू म्हणतोस, 'तुझ्या ताटातलं मी खाणार नाही.' अरे, मीच वाढलंय ते. मला वाईट वाटलं नाही असं नाही. ते बरे झाल्यावर मला म्हणाले, "तू आलीस होय? भिंगरी कुठं गेला, आत्ता तर इथं होता." मी म्हटलं, कामाला गेला. रस्त्यावर जाऊन रडून आले. पण भीतीच्या त्या सगळ्या दिवसांमधली त्यांच्याजवळ एवढी एकच चांगली आठवण आहे. ती कोणाच्या नावावर आहे ह्यानं काय फरक पडतो? आहे तशी राहू दे.

ताई

२३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं तोवर मी सांगून बसलो होतो. नको तेव्हा मी वेळेवर असतो.

चांगलं सांगावं म्हणूनच सांगितलं. चहा झाल्यावर, त्यांच्यासमोर बसून म्हटलं, अप्पा, मी नव्हतो तिथं. मी माश्यांबरोबर होतो. ते हसले. चेष्टा पुरे म्हणाले. मी म्हटलं, खरंच नव्हतो. जुनी शुगर, वय आणि ऑपरेशन, त्यामुळे तुम्हाला भ्रम झाला होता, डॉक्टरांनी सांगितलंय. हाताला दोरा नव्हता, सलाईन होतं. जणू मीच मोठा डॉक्टर! त्यांनी हातातला फर्मा खाली ठेवला. मग विचारलं, "मग दोरा कोणी धरला होता?" मी म्हटलं, कोणी नाही, तो भास होता. ताई होती ना जवळ, असंही म्हटलं. पण ते तिथंच अडकले. म्हणाले, "म्हणजे मी एकटाच होतो."

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मुकाट गोळ्या घ्यायचे, गालातसुद्धा ठेवायचे नाहीत. मला वाटलं भ्रम परत आला, म्हणून ह्या वेळी वाट न बघता रिक्षा करून दवाखान्यात नेलं. त्याच डॉक्टरांनी तपासलं. शुगर ठीक, ताप नाही, सगळे प्रश्न बरोबर सोडवले. वार, महिना, ही जागा कोणती, हा कोण. "हा धाकटा," म्हणाले, "हा नव्हता." डॉक्टर मला बाहेर येऊन म्हणाले, हा भ्रम नाही, हे दुःख आहे. ह्याच्यावर माझ्याकडे औषध नाही.

आणि घरी आलो तर दाराच्या फटीत तुझं पत्र. उभ्या उभ्या वाचलं. मग आणखी एकदा वाचलं. मग काही विचार न करता, तुला माहितीच आहे माझा विचार म्हणजे काय ते, खाटेवर बसून त्यांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'सांगू नकोस' सकट. तुझा जाड आवाज आला तिथं मी तुझ्यासारखा जाड आवाज काढायला गेलो आणि माझाच आवाज फुटला.

अप्पा भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होते. पत्र संपलं तरी हलले नाहीत. मला वाटलं झोपले. मग हळूच म्हणाले, "तरीच."

मी म्हटलं, तरीच काय?

"तू असतास तर इतका वेळ बसलाच नसतास. दोन टाके झाले की 'अप्पा, आलोच' म्हणून सुटला असतास. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

आधी मी हसलो, कारण ते हसले. नंतर आम्ही दोघंही हसत नव्हतो.

काल दुपारी खाटेवर उठून बसले, काठी मागितली. म्हणाले, तिला पत्र लिही. मी कागद घेतला. काय लिहू? म्हणाले, "म्हणावं, हाक चुकली." मी लिहिलं. आणखी? फार वेळ विचार करत होते. मला वाटलं आता विसरले, दुपार झाली की विसरतात. मग म्हणाले, "आणखी काय! चुकली तरी तिनं ओ दिली ना."

त्यांनी सांगितलेलं एवढंच आहे. बाकीचं माझं आहे. माझ्या जागी तू बसलीस हे मला कसं फेडता येईल ते माहीत नाही, आणि येईल असं वाटतही नाही. दोन तारखेला मी असतो तर मीही ती घडी पाहून टाळ्याच वाजवल्या असत्या, आपण एकाच दुकानात वाढलो. पण निदान त्यांनी भिंगरी म्हणून हाक मारली तेव्हा तुला आवाज बदलावा लागला नसता.

हे टाकायला पोस्टात जायला हवं. तेवढा वेळ चष्मेवाल्याला त्यांच्याजवळ बसवतोय. मी चपला घालून दारात उभा राहिलो आणि म्हटलं, अप्पा, आलोच.

म्हणाले, "बघू."

भिंगरी